रॅटलस्नेक सफर

ब्रिटिश आरमाराच्या ‘एचएमएस रॅटलस्नेक’ या जहाजाची सर्वेक्षण सफर (१८४६–१८५०). कप्तान ओवेन स्टॅन्ली. ऑस्ट्रेलियाचा ईशान्य किनारा, टोरेस सामुद्रधुनी आणि न्यू गिनीचा दक्षिण किनारा धुंडाळून ग्रेट बॅरिअर रीफच्या आतल्या बाजूने जहाजांना निर्धोक वाट आखून देणे, हे तिचे काम. जीवशास्त्रात मात्र ही सफर ओळखली जाते ती टॉमस हेन्री हक्सली (१८२५–१८९५) यांच्यामुळे. निघताना ते २१ वर्षांचे होते आणि जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य होते.

निसर्ग-अभ्यासकाचे अधिकृत पद जॉन मॅकगिलिव्हरे यांच्याकडे होते. पक्षी, शंखशिंपले असे टिकणारे नमुने ते जमवत. हक्सलींनी धरले ते न टिकणारे: जेलीफिश, त्यांच्यासारखाच दिसणारा तरंगता पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर (पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन पडणारे ‘ब्लू बॉटल’ त्याच्याच जातकुळीतले). हे जीव स्पिरिटमध्ये घातले की रंग उडतो, अंग आक्रसते. बाटलीतल्या त्या गोळ्यावरून लंडनमध्ये बसून काही उलगडत नसे. जाळ्यातून काढल्या काढल्या ते पाहावे लागत. नकाशांच्या खोलीत टेबलाला सूक्ष्मदर्शक घट्ट बांधायचा, जहाज डुलत असतानाच चिरफाड करायची आणि लगेच चित्र काढायचे, असा त्यांचा क्रम होता. दुय्यम हुद्द्याच्या या वैद्याला मिळालेली ही संधी मोठमोठ्या संग्रहालयांनाही नव्हती. जहाजावरची पोरे या चिकट जिवांना ‘बुफाँ’ म्हणत. नकाशांच्या खोलीत हक्सलींच्या फळीवर असलेल्या एका फ्रेंच ग्रंथमालेच्या खंडावरील नावातून त्यांनी ते उचलले होते.

जेलीफिशचे शरीर मुळात आतला आणि बाहेरचा अशा दोनच पडद्यांचे असते, हे हक्सलींनी दाखवले आणि त्यांची तुलना भ्रूणाच्या आरंभीच्या दोन थरांशी केली. हायड्रासारखे जीवही याच घराण्यातले, हेही त्यातून स्पष्ट झाले. लंडनच्या लिनिअन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेला धाडलेल्या टिपणांबद्दल चकार शब्द कळेना, म्हणून १८४९ मध्ये त्यांनी एक विस्तृत निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवला. तो छापला गेल्याचे त्यांना कळले ते परतल्यावर, नोव्हेंबर १८५० नंतर. पुढच्याच वर्षी त्यांना त्या सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. स्टॅन्ली हे पाहायला नव्हते; मार्च १८५० मध्ये सिडनीतच ते वारले होते.

सफरीतले उरलेले काम छापायला आरमाराने पैसे दिले नाहीत. ते अखेर निसर्ग-अभ्यासाचे ग्रंथ छापणाऱ्या रे सोसायटीने १८५९ मध्ये प्रसिद्ध केले.