झोपायच्या वेळचा चंद्र: मुलांच्या चित्रपुस्तकांतल्या चंद्राची पार्श्वभूमी

चित्रपुस्तकात रात्र दाखवायची झाली की खिडकीत चंद्रकोर येते. बाळ पांघरुणात, घड्याळात साडेआठ, आणि कोरीची फुगीर बाजू डावीकडे, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी. उत्तर गोलार्धात अशी कोर वद्य पक्षाच्या शेवटी दिसते, तीही पहाटे तीन-चारनंतर पूर्वेला. म्हणजे एकतर बाळ रात्रभर जागं आहे, नाहीतर चित्रकाराने आकाश सोडून दुसऱ्या कुठल्यातरी चित्रातला चंद्र उचलला आहे. (चित्रकार ऑस्ट्रेलियाचा असेल तर त्याला माफ. तिथे संध्याकाळची कोर खरोखरच अशी दिसते.)

संध्याकाळची आपली कोर शुक्ल पक्षातली. ती पश्चिमेला दिसते, फुगीर बाजू मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली किंवा खाली-उजवीकडे असते, आणि तृतीया-चतुर्थीचा चंद्र रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मावळतोही. कोर बघायची तर जेवणाआधी गच्चीवर जावं लागतं.

ही चूक आली कुठून, याचं एक उत्तर छापखान्यात आहे. १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं 'ऑर्बिस पिक्टस' निघालं. लॅटिन आणि जर्मन मजकूर, शेजारी लाकडी ठशांतली चित्रं, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि त्याच आकड्यांनी मजकुरात नावं. मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांची वंशावळ बहुतेक जण इथून सुरू करतात. त्यात एक प्रकरण चंद्रकलांचं आणि पुढचं ग्रहणांचं आहे. लाकडी ठशाचा स्वभाव असा, की ठशावर जे कोरलं ते कागदावर उलटं उमटतं. कोरणाऱ्याने समोरचं चित्र जसंच्या तसं लाकडावर उतरवलं, तर छापलेल्या पानावर उजवी कोर डावी होते. घराचं किंवा झाडाचं चित्र असं उलटलं तर कुणाला कळतही नाही. चंद्राचं मात्र शुक्लाचं वद्य होतं. ठसे गेले, संगणक आला, तरी हा प्रकार थांबलेला नाही. पात्राचं तोंड मजकुराकडे यावं म्हणून मांडणी करणारा अख्खं चित्र आडवं पलटवतो आणि खिडकीतली कोरही सोबत पलटते.

चित्रात थोडं वाढवून दाखवण्याची सवय त्याहून जुनी. गॅलिलिओने १६०९च्या अखेरीस दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि मार्च १६१० मध्ये व्हेनिसला ती चित्रं छापली. प्रकाश-अंधाराच्या सीमेवर त्याने एक गोल विवर काढलं आहे, ते प्रत्यक्षातल्या कुठल्याही विवराच्या मानाने फारच मोठं. चंद्र गुळगुळीत नाही हे वाचकाच्या डोळ्यांत भरावं, एवढाच हेतू असावा. चित्रपुस्तकांचे चित्रकार आजही हेच करतात आणि बऱ्याचदा ते योग्यही असतं. प्रश्न येतो तो वाढवलेलं चित्र मोजमापाचं म्हणून छापलं जातं तेव्हा.

त्याचा नमुना म्हणजे पृथ्वी-चंद्राची आकृती. पानावर पृथ्वी मोसंब्याएवढी, शेजारी लिंबाएवढा चंद्र, मध्ये दोन बोटांची जागा. खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३० पृथ्व्या ओळीने मावतील एवढं. २० सेंटिमीटर रुंद पानावर हे प्रमाणात बसवायचं तर पृथ्वी वाटाण्याएवढी, साडेसहा मिलिमीटरची होते आणि चंद्र मोहरीएवढा, पावणेदोन मिलिमीटरचा. असं पान विकलं जाणार नाही हे खरंच. पण जवळजवळच्या आकृतीमुळे मूल दोन गोष्टी चुकीच्या धरून बसतं: कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, आणि ग्रहण दर महिन्याला व्हायला हवं. प्रमाणात मांडल्यावर दुसरं कोडं आपोआप सुटतं. चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली आहे. वाटाण्याची सावली २० सेंटिमीटरवरच्या मोहरीवर नेमकी पडणं किती अवघड, ते दिसतं. घरी करायचं तर बास्केटबॉल पृथ्वी, टेनिसचा चेंडू चंद्र आणि मध्ये सात मीटर अंतर. खोली पुरत नाही, जिन्याजवळचा बोळ लागतो.

आता कोरीच्या कलण्याकडे. युरोपातल्या पुस्तकांत ती बरीचशी उभी असते. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर, मॉस्को जवळजवळ ५६ अंशांवर. तिथे सूर्य-चंद्राचा मार्ग क्षितिजाकडे तिरपा उतरतो, म्हणून कोरही उभट दिसते. मुंबई-पुणे १८-१९ अंशांवर आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी इथे तो मार्ग क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभा राहतो आणि कोर होडीसारखी आडवी पडते, दोन्ही टोकं वर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीच पुष्कळ कललेली असते. महादेवाच्या जटेतली कोर आडवी काढायची आपली रीत म्हणूनच डोळ्यांना पटते.

मराठी मुलांपर्यंत चंद्र अनेक वाटांनी आला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढलं. त्यात भूगोल आणि सृष्टिज्ञानाला जागा होती. वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६चं. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येऊ लागला, पण त्यात चंद्र नावापुरता. आत राजे आणि वेताळ. त्यानंतरच्या काळात सोव्हिएत प्रकाशनांची रंगीत, जाड कागदाची आणि नवल वाटावं इतकी स्वस्त पुस्तकं मराठी अनुवादात मिळत. १९९१ नंतर तो झरा आटला. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका १९६९ च्या सुमाराची: एकच चित्रसंच आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांतला मजकूर. बहुरंगी छपाईचा खर्च असाच परवडतो. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून हेच पडद्यावर करतं, आणि मराठी गोष्टी फुकट वाचता, छापता येतात. गैरसोय एवढीच, की मजकुराचं भाषांतर होतं, चित्रातल्या आकाशाचं होत नाही.

छपाईची एक अडचणही इथेच. रात्रीचं काळंनिळं आकाश चारही शाईंनी भरून छापतात आणि त्यात कोर म्हणजे कोरा सोडलेला कागद. चार प्लेटांची जुळणी पाव मिलिमीटर जरी सरकली तरी कोरीची टोकं शाईखाली बुजतात किंवा कडेला गुलाबी रेघ उमटते. म्हणून अनुभवी चित्रकार कोर जाड काढतो आणि जोडपानाच्या घडीपासून दूर ठेवतो. घडीवरचा चंद्र शिवणीत गडप होतो. जाड कोर दिसली म्हणून पुस्तक नापास करू नये. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी असेल तर जरूर करावं: तिथे चंद्राचाच अंधारा भाग आहे, त्याच्या अलीकडे तारा येणार कसा? तो अंधारा भाग बीज-तृतीयेला मंद राखाडी दिसतो, कारण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश त्यावर पडतो. लिओनार्दोने सोळाव्या शतकाच्या आरंभी हे कारण लिहून ठेवलं होतं.

सुचवायचीच तर दोन जुनी इंग्रजी पुस्तकं. 'गुडनाइट मून' १९४७चं. खोलीतलं घड्याळ सातपासून आठ-दहापर्यंत सरकतं आणि खिडकीत पूर्ण चंद्र हळूहळू वर येतो. संध्याकाळी वर चढणारा चंद्र पूर्ण असणं अगदी बरोबर. त्या ७० मिनिटांत खऱ्या आकाशात चंद्र स्वतःच्या रुंदीच्या तीसेक पट सरकतो. एरिक कार्लच्या १९८६ च्या पुस्तकात बाबा शिडी लावून चंद्र आणतात, पानं उलगडून लांबच लांब होतात. तिथे चंद्र लहान लहान होत नाहीसा होतो आणि पुन्हा कोरीपासून वाढतो. गोष्ट म्हणून झकास. फक्त वाचून झाल्यावर कागदाच्या पंचिंग मशीनने एक भोक पाडावं आणि हात लांब करून त्यातून चंद्र बघावा. कोर असो वा पौर्णिमा, पूर्ण चकती त्या भोकात सारखीच मावते.

कला समजावणाऱ्या पुस्तकासोबत चेंडूचा प्रयोग हवा, पण तो पुष्कळदा फसतो. पिंगपाँगचा चेंडू घेतला की प्रकाश आरपार जातो आणि अंधारी बाजूही उजळते. थर्माकोलचा ५-६ सेंटिमीटरचा गोळा पेन्सिलीवर खोचावा. ट्यूबलाइट चालत नाही, डोक्याच्या उंचीवर एकच उघडा बल्ब हवा. पांढऱ्या भिंतीपासून लांब उभं राहावं. गोळा डोक्यापेक्षा किंचित वर धरावा, नाहीतर बल्बकडे पाठ होताच आपलीच सावली पडते आणि पौर्णिमेऐवजी ग्रहण होतं. मग डावीकडे वळत जावं: आधी उजवी कड उजळते, पाव फेरीला शुद्ध अष्टमी होते.

पुस्तक पडताळायला सगळ्यात सोपं साधन भिंतीवर टांगलेलं असतं. संकष्टीला कॅलेंडरात गावागणिक चंद्रोदय छापतात, साधारण नऊच्या आगेमागे. त्या वेळी पूर्वेला बघितलं तर चंद्र सुमारे ८५ ते ९० टक्के उजळलेला असतो आणि त्याची वरची कड किंचित कापल्यासारखी दिसते. बाळाला झोपवताना निंबोणीच्या झाडामागे लपणारा, म्हणजे क्षितिजालगतचा चंद्र बहुधा हाच किंवा पौर्णिमेचा.

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम उतरला आणि त्यावरच्या मुलांच्या पुस्तकांत तो खालच्या कडेजवळ, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला दाखवतात. पण 'खाली' हे चंद्र दक्षिणेला डोक्यावर आला असतानाचं. महाराष्ट्रातून बघताना उगवत्या चंद्रावर विक्रमची जागा उजव्या कडेला येते आणि मावळत्या चंद्रावर डाव्या. चंद्रावरचा ससाही एका रात्रीत असाच सुमारे १४० अंश फिरतो.