वाचिक वर्तन

वाचिक वर्तन : भाषिक व्यवहाराची वर्तनवादी (मनाऐवजी प्रत्यक्ष दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या) मानसशास्त्रातील उपपत्ती. बोलणे म्हणजे मनातील अर्थाचा बाह्य आविष्कार नव्हे, तर इतर व्यक्तींच्या मध्यस्थीने प्रबलित होणारे (अनुकूल परिणामामुळे दृढ होणारे) वर्तन होय, अशी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–९०) याची भूमिका होती. वर्तनवादाचा प्रवर्तक जे. बी. वॉटसन याने १९१३ मध्ये अंतर्निरीक्षण (स्वतःच्या मनातील अनुभवांचे निरीक्षण) नाकारले होते आणि पुढे विचारालाही मूक भाषण ठरविले. स्किनरने भाषेला लावले ते साधक अभिसंधानाचे तत्त्व : वर्तनाच्या परिणामांवर त्याची पुनरावृत्ती अवलंबून असते.

उपपत्तीचा प्रारंभ सामान्यतः १९३४ हा धरतात. त्या वर्षी हार्व्हर्ड येथील एका भोजनप्रसंगी तत्त्वज्ञ ए. एन. व्हाइटहेड याने ‘या मेजावर काळा विंचू पडत नाही’ या आपल्या वाक्याचा उलगडा करून दाखविण्याचे आव्हान दिले आणि दुसऱ्याच दिवशी आपण लेखनाचा आराखडा हाती घेतला, असे स्किनर सांगतो. ही आठवण त्याने १९५७ च्या व्हर्बल बिहेव्हिअर या ग्रंथात नोंदविली असल्याने ती प्रेरणेपुरती ग्राह्य धरावी. विवेचनाला सलग रूप त्याच्या १९४७ च्या हार्व्हर्ड व्याख्यानांच्या सुमारास आले असावे.

स्किनरचे वर्गीकरण शब्दांचे नसून ते उच्चारण्यामागील कारणांचे आहे. तहानलेले मूल ‘पाणी’ म्हणते तेव्हा ती मागणी (मँड) असते व तिचे प्रबलन पाणी मिळण्याने होते. नदी पाहून तोच शब्द उच्चारला, तर तो निर्देश (टॅक्ट) ठरतो व त्याचे प्रबलन ऐकणाऱ्याच्या मान्यतेने होते. ऐकलेल्याचा पुनरुच्चार आणि ‘ऊन’ म्हणताच सुचणारे ‘पाऊस’ हे आणखी दोन प्रकार. बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच विधानावर अवलंबून असणाऱ्या, त्याचे बळ वा आधार सूचित करणाऱ्या उच्चारांना स्किनर ‘ऑटोक्लिटिक’ म्हणतो. मराठीतील ‘तो आला म्हणे’ यातील ‘म्हणे’ याहून नेमके उदाहरण इंग्रजीत सापडणे कठीण.

भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कीने या ग्रंथाच्या १९५९ च्या परीक्षणात प्रयोगशाळेबाहेर ‘उद्दीपक’ (प्रतिक्रिया घडवून आणणारी गोष्ट) व ‘प्रबलन’ या संज्ञा अर्थहीन होतात आणि पूर्वी न ऐकलेली वाक्ये रचण्याची क्षमता स्पष्टीकरणाविनाच राहते, असे आक्षेप घेतले. त्यांतील बराच भाग स्किनरला न लागू होणाऱ्या वर्तनवादावर आहे, हे मानसशास्त्रज्ञ केनेथ मॅककॉर्कोडेलचे उत्तर (१९७०) विचारार्ह असले, तरी वाक्यरचनेविषयीचा आक्षेप त्याने पुरता निरस्त होत नाही. स्वमग्न मुलांच्या भाषाशिक्षणात मात्र मागणी व निर्देश स्वतंत्रपणे शिकविण्याची पद्धत रूढ आहे.