एक इमेज, पाच कार्डे: ग्राफिक्स ड्रायव्हरच्या गुंत्यामागची पार्श्वभूमी

दादरच्या आमच्या कॉम्प्युटर लॅबमधली तीस मशीन्स एका दिवशी आलेली नाहीत. काही अनुदानातून आली, काही देणगीतून. आणि जिथे ग्राफिक्स कार्ड जळालं तिथे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्या दिवशी जे मिळालं ते बसलं. मुंबईतल्या बहुतेक लॅब अशाच भरत जातात. मग मास्टर मशीनची इमेज, म्हणजे तिच्या डिस्कची हुबेहूब प्रत, सगळीकडे टाकली की निम्म्या पडद्यांवर भलेमोठे आयकॉन दिसतात, कारण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्या कार्डाशी जुळलेला नसतो.

विंडोजआधीच्या डॉसच्या काळात हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामचा स्वतःचा होता. ऑटोकॅडला वेगळा ड्रायव्हर, वर्ड प्रोसेसरला वेगळा. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए हे पडद्याचं मानक आणलं आणि ६४० बाय ४८० हा निदान एक समान पाया मिळाला. त्यापुढचं मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने केलं. तो गोंधळ आवरण्यासाठी १९८९ मध्ये व्हेसा ही संस्था निघाली. पुढे विंडोजने ड्रायव्हरचं काम प्रोग्रामांकडून काढून स्वतःकडे घेतलं: एका कार्डाला एक ड्रायव्हर, तो सगळ्या प्रोग्रामांना चालेल.

माझ्या मते खरं वळण आलं ते १९९२ च्या पीसीआयमुळे, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड जोडण्याच्या नव्या पद्धतीमुळे. प्रत्येक कार्ड आपला क्रमांक स्वतः सांगू लागलं. इंटेलचा ८०८६, एनव्हिडियाचा १०डीई, एटीआयचा १००२, आणि त्यापुढे त्या चिपचा वेगळा क्रमांक. विंडोजमध्ये ड्रायव्हरसोबत येणाऱ्या आयएनएफ फाइलमध्ये या क्रमांकांचीच यादी असते. त्यामुळेच अनेक चिप्सना चालणारे एकत्रित ड्रायव्हर शक्य झाले. एटीआयचा असा एकत्रित ड्रायव्हर, कॅटलिस्ट, २००२ चा.

लिनक्सने वेगळी वाट धरली. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, ठेवायचे, म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तरी पडदा उजळतो. २००९ मध्ये इंटेलच्या चिप्सपासून पडद्याचं रिझोल्यूशन ठरवण्याचं कामही कर्नलकडे गेलं. मिश्र लॅबसाठी याहून सोयीची रचना मी पाहिलेली नाही.

अडतं ते एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरपाशी, कारण त्याच्या शाखा, म्हणजे आवृत्त्यांच्या मालिका, चिपच्या पिढीनुसार तुटत जातात. फर्मी या जुन्या पिढीसाठी शेवटची शाखा ३९०, त्यानंतरच्या केपलरसाठी ४७०. २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या भागाचा, स्रोत खुला केला, पण तो ट्युरिंग ही नवी पिढी आणि त्यानंतरच्या चिप्सपुरता. म्हणजे केपलरचं जीटी ७१० आणि ट्युरिंगचं जीटीएक्स १६५० शेजारी शेजारी असतील तर पहिल्याला ४७० हवी, दुसऱ्याला नवी शाखा चालते. आणि एका इमेजमध्ये दोन्ही सरळपणे नांदत नाहीत.

सर्वांत फसवं कार्ड जीटी ७३०. हे एकच नाव फर्मी आणि केपलर अशा दोन्ही चिप्सना दिलं गेलं. खोका पाहून दुकानदारालाही फरक सांगता येईलच असं नाही. आमच्याकडे अशी दोन कार्डे आहेत. एकाच नावाची म्हणून दोन्हींवर एकच ड्रायव्हर टाकला, आणि एक पडदा काळा राहिला तेव्हा अख्खी दुपार केबल तपासण्यात गेली.

तेव्हापासून लॅबच्या रजिस्टरात कार्डाच्या नावाशेजारी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी, म्हणजे कार्डाने स्वतः सांगितलेला तो क्रमांक, लिहितो, आणि इमेजचे गट त्या रकान्यावरून पाडतो.