'बाया फक्त हातभार लावतात', हे खरं नाही

'शेती गड्यांची, बाया फक्त हातभार लावतात' हे वाक्य नागपुरात पानठेल्यापासून बँकेपर्यंत ऐकू येतं. आकडे उलट बोलतात. २०२२-२३ च्या केंद्रीय श्रमबल पाहणीनुसार देशात ग्रामीण भागातल्या कामकरी बायांपैकी सुमारे ७६ टक्के शेतीत आहेत, पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के.

मग समज टिकला कसा? दिसतं ते नांगर, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप. मौदा-रामटेककडचा धानाचा रोवणा, सावनेर-काटोलकडचं निंदण, कापसाची वेचणी, भिवापूरकडे मिरचीचे देठ खुडणं हे मुख्यतः बायांच्या हातचं. दिवसभर वाकून चालणारं काम 'हलकं', म्हणून रोजीही कमी! समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ मध्येच आला. त्यातून पळवाट अशी की कामच वेगळं ठरवायचं.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. पंजाबात शेतावर बायांचा वाटा बराच कमी. तिथे यंत्रं जास्त, घरच्या बाईने शेतावर राबू नये ही प्रतिष्ठाही आडवी येते. वेचणी मात्र आपल्याकडे अजून हातानेच होते.

आणि सातबारा? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातली जेमतेम १४ टक्के वहिवाट खाती (शेत कसणाऱ्याच्या नावची खाती) बायांची होती. बँकवाला 'शेतकरी कोण' म्हणून सातबाराच पाहतो.