भुंगेरा की ढेकूण? मॅक्रो फोटोत फरक कुठे पाहायचा

पावसाळ्यात भेंडीच्या वाफ्यात कॅमेरा घेऊन बसलं की लाल-काळ्या रंगाचे दोन किडे हमखास दिसतात. एक फुलात शिरून पिवळ्या पाकळ्या कुरतडत असतो, दुसरा कोवळ्या शेंगेला चिकटून बसलेला असतो. फोटो दोघांचेही देखणे येतात आणि दोघांनाही सर्रास ‘बीटल’ म्हटलं जातं. त्यातला पाकळ्या खाणारा तेवढा खरा भुंगेरा, म्हणजे अंगातल्या द्रवाने आपल्या कातडीवर फोड आणणारा ब्लिस्टर बीटल. शेंगेवरचा आहे लाल ढेकूण, कपाशी लावणाऱ्याच्या चांगल्याच ओळखीचा. इथे ढेकूण म्हणजे केवळ अंथरुणातला नव्हे, तर इंग्रजीत ‘बग’ म्हणतात तो सोंडेने टोचून शोषणाऱ्या किड्यांचा सगळा गट. रंग सारखा असला तरी नातं फार लांबचं आहे. भुंगेरा हा ढेकणापेक्षा फुलपाखराला जवळचा, तर ढेकणाचे आप्त म्हणजे मावा, तुडतुडे आणि सिकाडा.

फरक ओळखायची पहिली जागा म्हणजे पाठ. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कडक होऊन त्यांचं कवच झालेलं असतं. मिटल्यावर ते एकमेकांवर चढत नाहीत, कडेला कड लावून बसतात, त्यामुळे पाठीच्या मधोमध एक सरळ रेघ दिसते. हे कवच इतकं टणक आणि त्याची चमक इतकी टिकाऊ, की ज्वेल बीटल या धातूसारख्या चमकणाऱ्या भुंगेऱ्याचे पंख भरतकामात शिवले जात. १९०३च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी घातलेल्या मोरपिसांच्या नक्षीच्या पोशाखात, पिसांच्या डोळ्यांच्या जागी भारतीय कारागिरांनी असेच हिरवे पंख बसवले होते. ही चमक रंगद्रव्याची नसते. कवचातल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो तेव्हा ती निर्माण होते, म्हणून किडा मेल्यावरही ती उतरत नाही.

ढेकणाचा पुढचा पंख अर्धा चिवट आणि टोकाकडे पातळ पापुद्र्यासारखा असतो. दोन्ही पंख एकावर एक येतात आणि पाठीवर फुलीसारखी आकृती उमटते; तिच्या वरच्या खाचेत एक त्रिकोण असतो. लाल ढेकणाच्या पाठीवर ही फुली स्वच्छ दिसते. कोकणात काजूवरही आढळणाऱ्या मॅन-फेस्ड बगचा फोटो उलटा धरला की माणसाचा चेहरा दिसतो. त्यातले डोळे म्हणजे पंखांवरचे दोन काळे ठिपके आणि केस म्हणजे पंखांची तीच पातळ, काळी टोकं.

खरी फसगत होते ती ज्वेल बगपाशी. मोगली एरंडावर हिरवा-निळा, धातूसारखा झळकणारा, फुगीर पाठीचा किडा पाहिला की भुंगेराच वाटणार. पण त्याच्या पाठीवर मधली रेघ शोधा, ती सापडत नाही. फुलीही दिसत नाही. इतर ढेकणांच्या पंखांमध्ये जो लहानसा त्रिकोण असतो, तोच इथे वाढत वाढत पोटाच्या टोकापर्यंत पोचला आहे आणि पंख त्याच्याखाली झाकले गेले आहेत. पाठीवर एकसंध ढाल आणि मध्ये रेघ नाही, एवढ्यावर ज्वेल बग ओळखता येतो. मात्र ही रेघ फोटोत दिसायला हवी, आणि गडबड नेमकी तिथे होते. उघडा फ्लॅश चकचकीत पाठीवर पांढराफटक डाग पाडतो आणि तो डाग नेमका मधोमध येतो. किड्याच्या जवळ मोठा, पांढरा, मऊ प्रकाश देणारा डिफ्यूझर धरला की डागाऐवजी हलकी झाक येते आणि रेघ असेल तर उठून दिसते. ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूझरही हे काम करतो.

पाठीच्या फोटोवर थांबू नये असं मला फार वाटतं. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेले फोटो बहुतेक वरून काढले जातात, कारण रंग तिथे असतो. पण निर्णायक पुरावा असतो डोक्याखाली. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात. ढेकणाला जबडे नसतात, सुईसारखी सोंड असते. ती वापरात नसते तेव्हा पायांच्या मधून छातीखाली मागे दुमडलेली राहते. वरून काढलेल्या शंभर फोटोंतही ती दिसणार नाही. कॅमेरा पानाच्या पातळीला आणा आणि बाजूने, थोडं खालून पाहा. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटत असताना, लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो, म्हणून फोकस डोळ्यावर नाही, सोंडेच्या मुळाशी ठेवायचा. ही फ्रेम स्पर्धेत बक्षीस मिळवेल असं नाही, पण ओळख तीच पटवते.

सोंडेचीही एक गंमत आहे. नारळावरचा सोंड्या भुंगा किंवा तांदळातले सोंडे यांना नावातच सोंड आहे, तरी ते भुंगेरेच. ती सोंड म्हणजे लांब झालेलं डोकं. तिच्या टोकाला छोटे जबडे असतात आणि मिशा सोंडेवरूनच, कोपरात वाकून निघतात. ढेकणाची सोंड डोक्यापासून वेगळी हलते आणि तिच्यावर मिशा नसतात. मिशांचे सांधे मोजता येतील इतका फोटो तीक्ष्ण असेल तर आणखी एक खूण मिळते. भुंगेऱ्याच्या मिशीत बहुधा अकरा भाग असतात, ढेकणाच्या मिशीत चार किंवा पाच.

एकटा किडा न टिपता आजूबाजूलाही पाहावं. काटेसावरीच्या बुंध्याशी लाल ढेकणांची गर्दी असते, त्यात बारीक, बिनपंखी पिल्लं आणि मोठे ढेकूण एकत्र दिसतात, कारण ढेकणाचं पिल्लू जन्मापासूनच आईबापासारखं असतं. भुंगेऱ्याची अळी मात्र त्याच्यासारखी मुळीच दिसत नाही; ती कोष करते आणि मग भुंगेरा होतो. मातीतली हुमणी अळी आणि पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबावर येणारे तपकिरी भुंगेरे एकच, हे नुसतं पाहून कोणाला पटणार नाही. जोड्यांमध्येही फरक आहे. लाल ढेकूण शेपटीला शेपटी लावून, तोंडं विरुद्ध दिशांना करून बराच वेळ राहतात. कॅमेरा त्या जोडीला समांतर धरला की दोन्ही डोकी एकाच फोकसमध्ये येतात. भुंगेऱ्यांत नर सहसा मादीच्या पाठीवर असतो, तिथे दोघांपैकी एकाचा डोळा निवडावा लागतो.

फोटोसाठी कोणालाही चिमटीत धरू नका. ब्लिस्टर बीटलने आग होते, किडे मारून खाणारे असॅसिन बग सोंडेने चांगलाच दंश करतात, आणि बरेच ढेकूण उग्र वास सोडून पळतात. सकाळी गारव्यात दोघेही सुस्त असतात, तेव्हा न हात लावता जवळ जाता येतं. एक फ्रेम झाडाच्या पानाची आणि फुलाचीही घ्या, पान कुरतडलेलं असेल किंवा त्यावर रस शोषल्याचे डाग असतील तर तेही टिपा. चावणारं तोंड पानाला भोकं पाडतं आणि टोचणारं तोंड नुसते डाग ठेवतं, म्हणून किडा उडून गेल्यावरही तिथे कोण बसलं होतं याचा अंदाज पानावरून बांधता येतो.