नामाक्वा पखुर्डी

नामाक्वा पखुर्डी हा नामिबिया, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका आणि अंगोलाच्या नैऋत्य भागातला वाळवंटी पक्षी आहे. शास्त्रीय नाव टेरोक्लेस नामाक्वा. आकाराने कबुतरापेक्षा जरा लहान, शेपटी टोकदार. नराच्या छातीवर पांढरा आणि गडद तपकिरी पट्टा असतो, मादीच्या अंगावर मातकट ठिपके, त्यामुळे ती अंड्यांवर बसली की अगदी जवळून गेलं तरी दिसत नाही.

खाणं म्हणजे जवळपास फक्त सुक्या बिया, त्यातून पाणी असं काही मिळत नाही, म्हणून यांचं सगळं आयुष्य पाणवठ्याभोवती फिरतं. ऊन थोडं वर आलं की लांबलांबून थवे ओरडत येतात, आधी काठापासून थोडं दूर उतरतात, अंदाज घेतात आणि मग काही सेकंदांत पिऊन उडतात, कारण लॅनर ससाणा तिथे टपलेलाच असतो.

घरटं मात्र मुद्दाम पाण्यापासून दूर, उघड्या जमिनीवर एक साधा खळगा, त्यात बहुतेक ३ अंडी. दिवसा मादी उबवते आणि रात्री नर. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच चालतात, बियासुद्धा स्वतःच टिपतात, पण उडता येत नाही तोवर पाण्याचं काय करणार? इथे नराचं काम सुरू होतं आणि मला तरी पक्ष्यांच्या जगात यापेक्षा भारी गोष्ट माहीत नाही. तो पाण्यात पोट बुडवून बसतो, अंग हलवत राहतो आणि पोटाच्या पिसांत साधारण २५ मिली पाणी भरून घेतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळपास १५ टक्के! एवढं ओझं घेऊन कधीकधी ३० किमी उडत परत. वाटेत थोडं पाणी वाऱ्याने उडून जातं, उरलेलं पिल्लं पोटाखाली शिरून पिसं चोचीतून ओढत पितात.

पाळलेल्या पखुर्ड्यांमध्ये हे इंग्लिश पक्षी अभ्यासक मीड-वाल्डो यांनी बघून १८९६ मध्ये लिहिलं होतं, पण बऱ्याच जणांना ते पटलंच नाही. शेवटी १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या पक्षी अभ्यासकांनी कलहारी वाळवंटातल्या निरीक्षणांवरून ते पक्कं केलं. २०२३ मध्ये म्युलर आणि गिब्सन या संशोधकांनी मायक्रोस्कोपखाली ही पिसं तपासली, तेव्हा दिसलं की त्यांचे बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, ओले झाले की सुटून उभे राहतात आणि त्यांच्या दाट जंगलात पाणी अडकून राहतं.