बेबेल जिल्बेर्तो

जिल्बेर्तो, बेबेल : (१२ मे १९६६ – ). ब्राझिलियन गायिका आणि गीतरचनाकार. पूर्ण नाव इझाबेल बुआर्के दी ओलांदा जिल्बेर्तो दी ओलिव्हेरा. जन्म न्यूयॉर्कचा. बोसा नोव्हा या गायनशैलीचे प्रवर्तक जुआंव जिल्बेर्तो (१९३१–२०१९) आणि गायिका मिउशा (१९३७–२०१८) यांचे हे एकुलते अपत्य. २००० साली आलेल्या ‘तांतो तेंपो’ (‘इतका काळ’) या अल्बममुळे तिचे नाव जगभर झाले. तेव्हा ती चौतिशीला टेकली होती. नऊ वर्षांची असताना न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर उभी राहिलेल्या मुलीला स्वतःचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम काढायला आणखी पाव शतक जावे लागले.

वडिलांच्या नावाचा उच्चार गोव्याच्या वाचकाला अवघड जाऊ नये. २४ जूनला विहिरींत उड्या घेऊन साजरा होणाऱ्या ‘सांजांव’मधला ‘जांव’ म्हणजेच हा जुआंव. दुसरा एक घोळ मात्र जगभर होतो. ‘इपानेमाची मुलगी’ हे गाणे इंग्रजीत गाऊन प्रसिद्ध झालेली आस्त्रूद जिल्बेर्तो ही बेबेलची आई, असे सर्रास समजले जाते. आस्त्रूद ही जुआंवची पहिली पत्नी. त्या लग्नातला मुलगा जुआंव मार्सेलो हा बेबेलचा सावत्र भाऊ.

आईचे माहेर बुआर्के दी ओलांदा. आजोबा सेर्जिओ हे विसाव्या शतकातले ब्राझीलचे मोठे इतिहासकार. मामा शिको बुआर्के हा गीतकार, नाटककार, कादंबरीकार आणि लष्करी राजवटीच्या काळात सेन्सॉरच्या डोळ्यांत कायम सललेला माणूस. मावशी क्रिस्तिना सांबा, म्हणजे ब्राझीलचे नाचाच्या तालावरचे संगीत, गायची. दुसरी मावशी आना हीसुद्धा गायिका, आणि २०११–१२ मध्ये ब्राझीलची संस्कृतिमंत्री. आपल्याकडे घराणे म्हटले की गंडाबंधन, तालीम आणि बंदिशींची पोतडी डोळ्यांपुढे येते. इथे तसले काही नव्हते. न्यूयॉर्क, मेक्सिको आणि रिओ अशा फिरत्या बिऱ्हाडात जे कानांवर पडत होते तेच शिक्षण.

आणि कानांवर पडत होते ते साधे नव्हते. जुआंव जिल्बेर्तोने १९५८ साली ‘शेगा दी साउदाजी’ या गाण्याची तबकडी काढली, तेव्हा त्यात सांबाचा अख्खा ताफा एका गिटारीत कोंडला होता. अंगठा खालच्या तारांवर सुर्दू या मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरतो, उरलेली बोटे एकदम तारा खेचून तांबोरीं या छोट्या चपट्या तालवाद्याच्या तुटक मात्रा पाडतात. वर गळा जवळजवळ बोलल्यासारखा, कंप नाही, ताना नाहीत. शब्द कधी ठेक्याच्या आधी येतो, कधी मुद्दाम मागे रेंगाळतो आणि ओळ संपताना बरोबर जागेवर येऊन बसतो. ऐकायला सोपे, गायला महाकठीण. बेबेलला वारशात मिळाला तो हा हळू आवाज. तिचा गळा वडिलांपेक्षा उबदार आहे, थोडा घोगरा. उच्चारांतली ती काटेकोर धार मात्र तिच्यात नाही. तिने तसा आवही आणला नाही, हे तिच्या पथ्यावरच पडले.

लहानपणीच्या ध्वनिमुद्रणांत तिचा आवाज जागोजागी सापडतो. १९७७ साली मामाने ‘ऊस साल्तिंबांकुस’ हे बालसंगीतक पोर्तुगीजमध्ये आणले. मूळ रचना इटालियन, कथा ग्रिम बंधूंच्या ब्रेमेनच्या वाजंत्र्यांची. मालकाला कंटाळून घर सोडणारी चार जनावरे, आणि देशात लष्कराचे राज्य; मोठ्यांना काय कळायचे ते कळले. त्यात मिउशा कोंबडी झाली होती आणि मुलांच्या कोरसमध्ये बेबेल होती. १९८० साली वडिलांवरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात चौदा वर्षांच्या बेबेलने त्यांच्यासोबत ‘शेगा दी साउदाजी’ गायले. ते मुद्रण तबकडीवरही आले. पोरीचा आवाज कोवळा आहे, पण लय सुटत नाही. शेजारी तो माणूस गिटार घेऊन बसलेला असताना हे सोपे नसावे.

तिचे स्वतःचे काम सुरू झाले ते बोसा नोव्हापासून बरेच लांब. ऐंशीच्या दशकातले रिओ रॉकच्या नादात होते. ‘बारांव व्हेर्मेल्यो’ या बँडचा माजी गायक काझूझा आणि त्याच बँडचा बासवादक दे यांच्यासोबत ती गाणी रचू लागली. १९८६ साली निघालेल्या तिच्या पहिल्या छोट्या तबकडीत ‘प्रेसीझो दिझेर की ती आमो’ (‘तुझ्यावर प्रेम आहे हे मला सांगायलाच हवे’) होते. मैत्रीच्या आडून पुढे न येणाऱ्या प्रेमाचे हे गाणे पुढच्याच वर्षी मारीना लिमाने गायले आणि ते ब्राझीलभर पोचले. याच तिघांचे ‘माइस फेलिझ’ हे गाणे १९९८ साली आद्रियाना काल्कान्योत्तोच्या आवाजात गाजले. म्हणजे रचनाकार म्हणून बेबेल घरोघरी पोचली होती, पण दुसऱ्यांच्या गळ्यातून. तिला नुसती ‘जुआंवची गाणारी मुलगी’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. काझूझा १९९० साली एड्सने गेला. वय अवघे ३२.

१९९१ मध्ये ती न्यूयॉर्कला राहायला गेली. रिओत आडनाव आधी पोचायचे आणि माणूस मागून. न्यूयॉर्कच्या क्लबांत ते ओझे हलके होते. तिथे डेव्हिड बर्न, आर्तो लिंडसे या संगीतकारांच्या वर्तुळात तिचा वावर होता. जपानी डीजे तोवा तेईच्या मुद्रणांत ती गायली, वॉशिंग्टनच्या ‘थीव्हरी कॉर्पोरेशन’ या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीसोबतही गायली. इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांना तिचा आवाज का हवासा वाटला, हे उघड आहे. यंत्राच्या ठोक्यावर चढवून गाणारे पुष्कळ होते. त्याच्या खाली, कुजबुजत गाणारी ही एक.

‘तांतो तेंपो’ला आकार दिला तो सुबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मितार सुबोटिचने. सर्बियातल्या नोव्ही सादचा हा संगीतकार १९९० च्या सुमारास आफ्रो-ब्राझिलियन तालांच्या अभ्यासासाठी ब्राझीलला आला आणि साओ पाउलोत रमला. त्याने सांबाच्या खाली क्लबचा ठोका नुसता चिकटवला नाही. गिटार आणि तालवाद्ये खरी ठेवली, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांत यंत्रांचे बारीक आवाज पेरले आणि आवाजाला सगळ्यांच्या पुढे, कानाशी आणून ठेवले. नोव्हेंबर १९९९ मध्ये, अल्बम पुरा होत आला असताना, साओ पाउलोतल्या त्याच्या राहत्या घराला आग लागली. स्टुडिओही तिथेच होता. त्या आगीत तो गेला. वय ३८. पुढच्या वर्षी ब्रसेल्सच्या क्रॅम्ड डिस्क्स या कंपनीच्या ‘झिरिगिबूम’ या शाखेने अल्बम प्रकाशित केला.

अल्बमचे पहिले गाणे ‘सांबा दा बेंसांव’, म्हणजे आशीर्वादाचा सांबा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत थोरांकडे ‘बेसांव’ मागतात तोच हा शब्द. ब्राझीलचा गिटारवादक बादेन पॉवेल आणि कवी व्हिनिसिउस दी मोराइस यांची ही रचना. चांगल्या सांब्याला दुःखाची चिमूट लागतेच, असे सांगणारी. बेबेल ते दुःख उगाळत नाही, पुटपुटल्यासारखी पुढे जाते. पुढे मार्कोस व्हालेचे ‘उन्हाळ्याचा सांबा’ इंग्रजी शब्दांत आहे, जुआंव दोनातो आणि जिल्बेर्तो जिल यांचे ‘बानानेइरा’ (‘केळीचे झाड’) आहे. मामाचे ‘सांबा इ आमोर’ही आहे. बाहेर शहर कामाला लागलेले असताना उशिरापर्यंत अंथरुणात लोळत राहणाऱ्याचे हे गाणे या आवाजाला अगदी शोभते. काझूझाबरोबरचे ‘माइस फेलिझ’ इथे तिने पुन्हा स्वतःच्या गळ्यात घेतले. वडिलांचे मात्र एकही गाणे नाही.

अल्बम ब्राझीलपेक्षा युरोप-अमेरिकेत जास्त वाजला. ब्राझीलबाहेर सर्वाधिक खपलेल्या ब्राझिलियन अल्बमांत त्याची गणना होते. या यशाची एक किंमतही होती. काही वर्षांतच जगातल्या प्रत्येक हॉटेलच्या लॉबीत आणि कॉफीच्या दुकानात याच जातीचे संगीत ऐकू येऊ लागले, आणि मूळ कलाकृती तिच्या नकलांच्या गर्दीत उशा-पडद्यांसारखी सजावट होऊन बसली. हेडफोन लावून नीट ऐकल्यास ती तशी नाही.

त्यानंतरचे अल्बम : ‘बेबेल जिल्बेर्तो’ (२००४), ‘मोमेंतो’ (२००७), ‘ऑल इन वन’ (२००९), ‘तूदो’ (२०१४). यातला पहिला निर्माता मारियस डी व्ह्रीसने केला. त्यात यंत्रे मागे सरली आणि तंतुवाद्ये पुढे आली. तिच्या स्वतःच्या रचनाही वाढल्या. एकाच गाण्यात पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणि परत असा तिचा प्रवास जोड न दिसता होतो. न्यूयॉर्क आणि रिओ दोन्हीकडे घर असलेल्या माणसाची ती रोजची बोली असावी. ‘ऑल इन वन’मध्ये तिने बॉब मार्ले आणि स्टीव्ही वंडर यांच्या गाण्यांशेजारी वडिलांचे ‘बीं बों’ ठेवले. जुआंवने रचलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातले हे सर्वांत जुन्यांपैकी. ग्रॅमीसाठी तिला अनेकदा नामांकन मिळाले.

मधली वर्षे घरगुती ताणाची होती. म्हातारपणी जुआंव जवळजवळ एकांतवासात गेला, कर्जे झाली, प्रकृती ढासळली. २०१७ मध्ये बेबेल न्यायालयात गेली आणि त्याचे व्यवहार पाहण्याचा अधिकार तिच्याकडे आला. सावत्र भावाशी मतभेद झाले, वर्तमानपत्रांत उलटसुलट छापून आले. डिसेंबर २०१८ मध्ये आई गेली, जुलै २०१९ मध्ये वडील.

‘आगोरा’ (‘आता’, २०२०) हा थॉमस बार्टलेट या पियानोवादक-निर्मात्यासोबत केलेला अल्बम. ‘ऊ की नांव फोय दीतो’ (‘जे बोलायचे राहिले’) हे त्यातले गाणे वडिलांना उद्देशून आहे. २०२३ मध्ये ‘जुआंव’ आला, यावेळी सगळी गाणी वडिलांनी गायलेली. त्याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम करायला तिला पन्नाशी ओलांडावी लागली. ‘देझाफिनादो’, ‘ऊ पातो’ (‘बदक’) अशी त्याच्या नावाशी चिकटलेली गाणी ती भक्तिभावाने जपून गात नाही, थोडी सैल सोडते.

या अल्बममध्ये एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्याची नृत्यधून, आहे. १९७३ साली, बेबेल सहा-सात वर्षांची असताना, वडिलांनी ती स्वतः रचून मुद्रित केली होती. शीर्षकाचा अर्थ, ‘वॉल्ट्झ : योगी किती सुंदर असतात’, आणि पुढे कंसात तिचे नाव : बेबेल. त्या मुद्रणात गिटार आहे आणि जुआंवचा नुसता गुणगुणणारा आवाज. गाण्याला शब्द नाहीत.